उतरंड की शिडी?

नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या पर्वरीच्या मैदानावर रणजी करंडकाचा एक सामना झाला. अरुणाचल प्रदेशाचा पहिला डाव ८४ धावांत आटोपला. मग गोव्याच्या स्नेहल कवठणकरने नाबाद ३१४ आणि कश्यप बखलेने नाबाद ३०० धावा केल्या. तिसऱ्या विकेटसाठी दोघांची अभेद्य भागीदारी ६०६ धावांची झाली, आणि २ बाद ७२७ वर गोव्याने डाव सोडला. अरुणाचल दुसऱ्यांदा ९२ धावांत बाद. चार दिवसांचा सामना दोन दिवसांत संपला. गोवा एक डाव आणि ५५१ धावांनी विजयी. विक्रमांच्या पुस्तकात या सामन्याने बरीच जागा अडवली आहे. परंतु मला त्यातली मौज वेगळीच वाटते. हा सामना 'प्लेट' गटातला होता. म्हणजे असले एकतर्फी सामने होऊ नयेत म्हणून जो खालचा गट मुद्दाम पाडला, त्याच गटातला!

हे सगळे आठवायचे कारण अगदी घरगुती आहे. आपल्या मंडळाच्या टेनिस-बॉल स्पर्धेत पुढच्या वेळी 'अ' आणि 'ब' असे गट पाडावेत, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे. रोज संध्याकाळी सराव करणारी तरुण मंडळी एका बाजूला आणि वर्षातून एकदा बॅट हातात धरणारे आम्ही चाळिशीपलीकडचे दुसऱ्या बाजूला, अशा सामन्यात कोणालाच गंमत येत नाही. बायकामुले छत्र्या आणि आइस बॉक्स घेऊन चँडलरच्या उन्हात येतात आणि तिसऱ्या षटकानंतर गप्पांत रमतात. तेव्हा गट पाडा, म्हणजे सामने चुरशीचे होतील, असे सरळ गणित मांडले जाते. हे गणित तितके सरळ नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आधी गट नसले की काय होते ते पाहू. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याच पुण्याचे आहे. डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा रणजी सामना तेथे झाला. काठियावाडच्या २३८ धावांना उत्तर देताना महाराष्ट्राने ४ बाद ८२६ केल्या आणि भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. विश्रांतीच्या वेळात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सांगितले की, एक तर डाव सोडा, नाही तर आम्ही घरी चाललो. आणि ते खरोखरच गेले! पाहुणा पानावरून उठून जावा तसा सामना अर्ध्यावर संपला. निंबाळकरांचा विक्रम हुकला आणि कसोटी खेळण्याची संधी तर त्यांना आयुष्यात कधीच मिळाली नाही. ही गोष्ट आपण नेहमी निंबाळकरांच्या बाजूने सांगतो आणि हळहळतो. पण दोन दिवस नुसते चेंडू आणण्यासाठी धावणाऱ्या त्या अकरा जणांच्या बाजूने ती फारशी कोणी सांगितलेली नाही. कर्णधाराचे वागणे खिलाडूपणाचे नव्हतेच. तथापि ज्या स्पर्धेत असा सामना लावला जातो, त्या स्पर्धेच्या आखणीकडेही बोट दाखवायला हवे.

योगायोग पाहा, त्याच १९४८ साली मुंबईत याच दुखण्यावर अगदी साधा उपाय सुरू झाला होता. पारशी क्रिकेटपटू डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची कांगा लीग. भर पावसाळ्यात, उघड्या, ओल्या खेळपट्टीवर, एका दिवसाचे सामने. तिच्यात 'ए' पासून 'जी' पर्यंत श्रेणी आहेत. वरच्या श्रेणीत तळाला राहिलात तर खाली, खालच्या श्रेणीत चमकलात तर वर. मुंबईच्या क्रिकेटचे 'खडूसपण' कोठून आले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या मते त्यातला बराच भाग या जिन्याचा आहे. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, तेव्हा देशात तिला तुल्यबळ कोणी नव्हते. पण घरी, रविवारच्या चिखलात, प्रत्येक क्लबला खाली घसरण्याचे भय होते. आणखी एक गोष्ट. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या एकमेकींना खेटून आहेत. तेथे वरच्या श्रेणीचा क्षेत्ररक्षक आणि खालच्या श्रेणीचा क्षेत्ररक्षक पाठीला पाठ लावून उभे राहू शकतात. खालच्या श्रेणीला वेगळे गाव दिलेले नाही. तिला वरची श्रेणी डोळ्यांनी दिसते.

रणजी स्पर्धेला हा शहाणपणा सुचायला २००२-०३ साल उजाडावे लागले. तोवर विभागवार सामने होत. त्या वर्षी 'एलिट' आणि 'प्लेट' असे दोन गट झाले. (नावे कोणी ठेवली कोण जाणे! एकाला अभिजन म्हणायचे आणि दुसऱ्याला बशी.) सुरुवातीला प्लेटमधल्या संघाला फक्त पुढच्या वर्षी वर जाण्याची आशा असे. २००८-०९ पासून मात्र प्लेटच्या दोन्ही उपांत्य विजेत्यांना त्याच वर्षी उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश मिळू लागला. माझ्या मते या स्पर्धेच्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी दुरुस्ती होय. कारण दोनच वर्षांनी, २०१०-११ मध्ये, प्लेटमधून आलेल्या राजस्थानने थेट करंडकच उचलला. पूर्वी आठ अंतिम सामने, त्यांतले बहुतेक मुंबईकडून, हरलेला हा संघ. कर्णधार कोण? आपल्या पुण्याचा हृषिकेश कानिटकर, महाराष्ट्र सोडून पाहुणा खेळाडू म्हणून तिकडे गेलेला. त्याच मोसमात राजस्थानच्या कोवळ्या दीपक चाहरने पदार्पणातच १० धावांत ८ बळी घेऊन हैदराबादला २१ धावांत गुंडाळले होते. म्हणजे एके काळचा रणजी विजेता हैदराबादही तेव्हा बशीतच होता. पुढच्या वर्षी, २०११-१२ मध्ये, राजस्थानने पुन्हा करंडक जिंकला. तेव्हा पहिला विजय नशिबाचा होता, असे म्हणायची सोय राहिली नाही.

कानिटकरला जाता आले, हा मुद्दा लहान नाही. तो ध्यानात यावा म्हणून थोडे आयर्लंडला जाऊ. तिकडे 'गेलिक फुटबॉल' नावाचा, हातापायांनी दोन्ही खेळायचा खेळ आहे. खेळाडू हौशी, पैसे नाहीत, आणि प्रत्येकजण सहसा आपल्या परगण्याकडूनच खेळतो. डब्लिनची वस्ती एवढी मोठी की २०१५ ते २०२० अशी सलग सहा वर्षे तोच परगणा विजेता. दुबळ्या परगण्यांसाठी २००४ मध्ये 'टॉमी मर्फी चषक' काढला. मुख्य स्पर्धेतून बाहेर पडलेल्यांची समजूत काढणारी ही स्पर्धा कोणी मनावर घेतली नाही. काही खेळाडू तर तो उन्हाळा अमेरिकेत येऊन इथल्या आयरिश क्लबांकडून खेळण्यात घालवू लागले. २००८ नंतर चषक बंद पडला. २०२२ मध्ये 'टेल्टन चषक' या नावाने पुन्हा दुसरी पायरी बांधली, पण या खेपेला दोन गोष्टी सांभाळल्या. शेवटचे सामने डब्लिनच्या क्रोक पार्कवर, म्हणजे त्यांच्या वानखेडेवर. आणि विजेत्याला पुढच्या वर्षी मुख्य स्पर्धेत हक्काची जागा. पहिल्या वर्षी वेस्टमीथ जिंकले आणि गावोगावची माणसे मैदानावर गेली. खालचा गट तोच. एकदा त्याला अडगळीची खोली केले, एकदा दिवाणखान्याचे दार दाखवले.

आता या मांडणीवर एक मोठा आक्षेप येतो आणि तो विदर्भाकडून येतो. विदर्भाने आपला पहिला करंडक २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून जिंकला. त्या वर्षी एलिट-प्लेट काहीही नव्हते! अठ्ठावीस संघ सात-सातच्या चार सारख्या गटांत खेळले. मग गटांची गरजच काय, असे कोणी विचारले तर ते वावगे नाही. माझे उत्तर असे की, विदर्भ घडला तो निवासी अकादमीमुळे, फैज फझलच्या नेतृत्वामुळे, वसीम जाफर आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांना मुंबईहून आणण्याच्या अकलेमुळे. गटवारीने संघ घडत नाही. ती थर्मामीटरसारखी आहे, औषधासारखी नाही. २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये विदर्भाने पुन्हा करंडक जिंकला तो गटवारी परत आल्यावर, आणि त्यांना दोन्ही पद्धतींत सारखेच जमले.

गटवारी २०१८-१९ मध्ये परत आली, कारण ईशान्येकडील राज्ये, बिहार, उत्तराखंड, पुदुचेरी असे नऊ नवे संघ एकदम आले. संघ सदतीस झाले. नऊही नवे संघ प्लेटमध्ये. त्या मोसमाचे आकडे डोळे दिपवतात: सिक्कीमकडून मिलिंद कुमारच्या १३३१ धावा, बिहारच्या आशुतोष अमनचे ६८ बळी. बिशनसिंग बेदीचा १९७४-७५ चा ६४ बळींचा विक्रम असा मोडला गेला. आशुतोषची मेहनत मी कमी लेखत नाही. पण बेदीचे ते चौसष्ट आणि हे अडुसष्ट एकाच रांगेत छापणे हे बरोबर वाटत नाही. गटवारीची ही किंमत कोणी आधी सांगत नाही: धावांचे चलन दोन प्रकारचे होते आणि बाजारात दोन्ही नाणी एकाच भावाने चालतात. (हा मिलिंद कुमार पुढे अमेरिकेकडून खेळू लागला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच.) त्या वर्षी प्लेटमध्ये पहिला आलेला उत्तराखंड उपांत्यपूर्व फेरीत नागपूरला विदर्भाकडून एक डाव आणि ११५ धावांनी हरला.

त्याहून वाईट मार्च २०२२ मध्ये झाले. प्लेटमधून आलेल्या नागालँडविरुद्ध झारखंडने कोलकात्यात ८८० धावा केल्या, २८९ वर त्यांना बाद केले, ५९१ ची आघाडी असूनही फॉलोऑन दिला नाही, आणि पुन्हा ६ बाद ४१७ केल्या. आघाडी झाली १००८ धावांची आणि सामना अनिर्णित! पंगतीत एकच माणूस सगळे श्रीखंड वाढून घेत आहे आणि बाकीचे पाहत आहेत, असे हे दृश्य. २०२२-२३ पासून प्लेटचा विजेता त्याच वर्षी करंडकासाठी खेळू शकत नाही. प्लेटची आपली वेगळी अंतिम लढत होते. २०२५-२६ पासून तर वर जाणारा आणि खाली येणारा संघ दोनऐवजी एकच. प्लेट तर अवघ्या सहा संघांची. मला हे पटत नाही. झारखंडसारखा सामना टाळायचा होता हे समजू शकते. परंतु दार अरुंद केल्याने आतल्यांची अब्रू वाचते, बाहेरचे मात्र एकमेकांविरुद्धच तिहेरी शतके ठोकत बसतात. राजस्थान आज प्लेटमध्ये असता तर २०१०-११ घडले नसते.

आता प्रेक्षकांचे पाहू. चुरस वाढली की गर्दी वाढते, असे गटवारीचे समर्थक सांगतात. रणजीचा अनुभव तसा नाही. चुरशीचे सामनेही रिकाम्या स्टँडसमोर होतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली-रेल्वे सामन्याला हजारोंनी रांगा लावल्या, त्या गुणतक्त्यासाठी नव्हे. विराट कोहली खेळत होता म्हणून. तो सहा धावांवर त्रिफळाचीत झाला आणि लोक उठून चालू लागले. प्रेक्षक माणसासाठी येतो. ते माणूस एक तर कोहली असावे लागते, नाही तर त्याच्या घरातले.

घरातले म्हटल्यावर आपल्या चँडलरकडे यायला हरकत नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक खेळांत खाली घसरणे हा प्रकारच नाही. आपले ॲरिझोना कार्डिनल्स २०२३ मध्ये सतरापैकी तेरा सामने हरले, तरी त्याच लीगमध्ये राहिले आणि नवे खेळाडू निवडताना त्यांचा नंबर चौथा लागला. हरल्याचे बक्षीस! शाळांचे फुटबॉल मात्र निराळे. शाळेच्या पटसंख्येवरून वर्ग ठरतात आणि स्कॉट्सडेलच्या सग्वारोसारखी मधल्या वर्गातली शाळा वर्षानुवर्षे आपल्या वर्गात सर्वांना लोळवीत राहिली. २०१९ मध्ये राज्याच्या संघटनेने वरच्या तीन वर्गांतून सर्वोत्तम आठ शाळा निवडून त्यांची 'ओपन' बाद फेरी सुरू केली. पहिल्या दोन वर्षी आपली चँडलर हायस्कूल जिंकली, २०२१ मध्ये सग्वारोने चँडलरलाच हरवले, २०२२ मध्ये आपल्या बाशाने सग्वारोला. या योजनेने लहान शाळेला आपली खरी उंची मोजायला मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण उरलेल्यांमधून जो सर्वात मोठ्या वर्गाचा विजेता ठरतो, त्याच्या पदकाकडे लोक जरा तिरक्या नजरेने पाहू लागले, हेही खरे. शुक्रवारी रात्री आपण मराठी आईबाप त्या बाकांवर बसतो ते मात्र यातल्या कशासाठीच नाही. पोरगा बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो म्हणून बसतो.

तेव्हा आपल्या स्पर्धेत गट अवश्य पाडावेत, पण तीन गोष्टी सांभाळून. 'ब' गटाच्या विजेत्याने त्याच दिवशी 'अ' गटातल्या तळाच्या संघाशी खेळावे आणि जिंकल्यास पुढच्या वर्षी जागांची अदलाबदल व्हावी. सामन्यांच्या याद्या दोन्ही गटांच्या मिळून एकाच फलकावर लावाव्यात. आणि 'ब' गटाचा अंतिम सामना सकाळी सातला, पंचांखेरीज कोणी आलेले नसताना उरकू नये. तो मुख्य अंतिम सामन्याच्या लगेच आधी, त्याच खेळपट्टीवर, डबे उघडायच्या वेळेला ठेवावा. म्हणजे आमच्यासारख्यांचे सुटलेले झेल निदान घरच्यांना तरी पाहायला मिळतील.