प्रतिभेला जामीन नाही

परवा आमच्या वस्तीतल्या वाचनालयात 'गोलपिठा'चं जाहीर वाचन झालं. पोरं पेटली होती. वाचन संपलं तशी मागं बसलेली एक मुलगी उठली न् म्हणाली, "आता 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' पण वाचा की." सभा एकदम चिडीचूप. मग एक जण म्हणाला, "ताई, तो नवरा-बायकोचा खाजगी मामला. इथं कवितेचं चाललंय." दुसरा म्हणाला, "एवढ्या मोठ्या कवीला एवढं माफ." पोरगी खाली बसली. खरं तर तिला खाली बसवलं गेलं. मी तिथंच होतो आणि गप्प होतो. म्हणून हे टिपण.

आधी प्रतिभेचं बोलू. त्यात काटछाट नको. नामदेव ढसाळ गावातून मुंबईच्या ढोर चाळीत आला, टॅक्सी चालवली, आणि १९७२ साली 'गोलपिठा' आला. सदाशिवपेठी मराठीला ठाऊक नसलेली अख्खी वस्ती त्यात बोलायला लागली. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनासुद्धा त्यातले कितीतरी शब्द अनोळखी होते. त्याच वर्षी पँथर उभी राहिली. हे कुणी पुसू म्हणेल तर पुसलं जाणार नाही.

आता दुसरं पुस्तक. १९८४ साली मलिका अमर शेख यांनी आत्मकथन लिहिलं. शाहीर अमर शेखांची ही मुलगी, स्वतः कवयित्री. 'वाळूचा प्रियकर' १९७९ चा. आत्मकथनात त्यांनी संसार मांडला: मारहाण, दारू, नवऱ्याकडून आलेला गुप्तरोग. सगळं नावानिशी लिहिलं, आणि तो कवी हयात असताना लिहिलं. ढसाळ गेले २०१४ मध्ये. म्हणजे पाठीमागं केलेली चुगली नव्हे ही.

मित्रहो, 'कलावंताला सगळं माफ' हा सिद्धांत आपला कधीपासून झाला? कला वेगळी, जगणं वेगळं, हे तर प्रस्थापितांचं तुणतुणं. बाबुराव बागुलांपासून आपण त्याच्याशीच भांडत आलो. आपण म्हणालो, आमचं लिहिणं जगण्यातून आलंय, म्हणून ते खरं. मग बाईनं तिचं जगणं लिहिलं की ते लगेच 'खाजगी' कसं होतं? महाराचं जगलेलं ते साहित्य आणि बाईचं जगलेलं ती भांडणं? हा हिशेब आपल्याला शोभत नाही.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, जाळा तो 'गोलपिठा'. हेही चूक. कामाठीपुऱ्यातल्या बाईकडं त्या कवितेनं माणूस म्हणून पाहिलं, ते पाहणं खोटं नव्हतं. अवघड गोष्ट वेगळीच आहे: गल्लीतल्या बाईचं दुःख ज्याला दिसलं, त्याला घरातल्या बाईचं दिसलं नाही, किंवा दिसूनही हात थांबला नाही. प्रतिभा दाखवते. वागायला शिकवत नाही. वागणं रोज उठून कमवावं लागतं. म्हणून तर बाबासाहेबांनी विद्या आणि स्वाभिमानाच्या जोडीला शील हे तिसरं उपास्य दैवत सांगितलं. प्रज्ञेला शीलाची जोड हवी, हे ते पुनःपुन्हा सांगत राहिले. शील आपोआप येणार असतं तर वेगळं सांगायची गरजच नव्हती.

कविता कवीपेक्षा मोठी असू शकते. पण ती त्याचा जामीन होत नाही. उलट अशी कविता कवीच्याच विरुद्ध साक्ष देते. 'गोलपिठा'च्याच मापानं त्याच्या कवीला मोजा, वेगळा काटा शोधायला जाऊ नका.

आणि ती नेहमीची भीती: "हे उघड बोललो तर सवर्णांच्या हाती कोलीत." अरे, सवर्ण पुरुषांची घरं काय मंगलाष्टकांवर चालतात? त्यांच्या थोर कलावंतांच्या बायकांनाही सहजासहजी कुणी बोलू दिलं नाही. आपण बोलू देतो, हीच आपली वेगळी गोष्ट. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित'ची व्याख्या पाहा. अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन यांच्या सोबत त्यात स्त्रियाही आहेत. मलिकाताई 'आपल्यातल्या नाहीत' म्हणणाऱ्यांनी आधी तो कागद फाडावा. त्या व्याख्येनं त्यांचं पुस्तक आपलंच आहे.

हे ढसाळांपुरतं नाही. मंचावर 'जयभीम' गर्जणारा, टाळ्या घेणारा, घरी ताट भिरकावणारा कार्यकर्ता तुमच्याही शाखेत असेल. त्याचा आवाज चांगला म्हणून आपण त्याच्या घराकडं पाहत नाही. त्याच्या बायकोला आपण वहिनी म्हणतो, चहा मागतो, न् तिच्या सुजलेल्या डोळ्यावर नजर जाताच पत्रकं मोजायला लागतो.

पुढच्या महिन्यात वाचनालयात दोन्ही पुस्तकं एकाच बैठकीत वाचायची. 'गोलपिठा' आधी, मग ते आत्मकथन. अध्यक्षपद त्या मुलीला द्यायचं. ती बोलेल तेव्हा मधे कुणी 'ताई' म्हणून तिला खाली बसवायचं नाही. मीही नाही.