झेलणारे झाड

बोन्सायच्या प्रदर्शनात लोक झाडे निरखतात. दोन झाडांमधल्या जागेकडे सहसा कुणाचे लक्ष नसते. टोकियोत १९३४ पासून भरत आलेल्या ‘कोकुफू-तेन’ची सारी भिस्त मात्र त्या जागेवर आहे. तिथली ‘शोहिन’, म्हणजे अगदी छोट्या झाडांची, मांडणी पाहावी. लाकडी फडताळाच्या माथ्यावर बहुधा पाइन किंवा जुनिपर, खालच्या कप्प्यांत पानझडी आणि फुला-फळांची झाडे. माथ्यावरच्या झाडाचा कल उजवीकडे असला, की फडताळाबाहेर उजव्या अंगाला डावीकडे झुकलेले एक झाड येते. त्याला ‘उके’ म्हणतात, अर्थ झेलणे. निसटू पाहणारी नजर ते आत परतवते, आणि मधली मोकळी जागा ताणलेली राहते.

आपल्याकडे लांब टेबलांवर पांढरी चादर अंथरून सारख्या अंतराने कुंड्या मांडतात. याला समतोल म्हणायला मी तयार नाही. ती हजेरी झाली. पण जपानी नियम जसाच्या तसा उचलणेही पटत नाही. तो एका बाजूला कललेल्या झाडांना शोभतो. पारंब्या सोडत दोन्हीकडे पसरलेल्या वडाचा कल कोणता मानायचा? त्याला झेलणाऱ्या झाडाची गरज नसते, दोन्ही अंगांना ऐसपैस मोकळी जागा लागते. आणि आयोजक नेमकी तीच देत नाहीत.