प्रहर नसलेली रात्र

हार्डकोर या नावाचे जे संगीत मोठमोठ्या नाइटक्लबांतून मध्यरात्रीनंतर वाजविले जाते, त्याविषयी आमच्या समाजात दोन मते आढळतात. एक मत असे की, हा निव्वळ गोंगाट असून त्याची चर्चा करणे म्हणजे त्याला नसता मान देणे होय. दुसरे मत तरुण मंडळींचे. हा आजचा जागर आहे, भजनी सप्ताहात टाळ वाजविता वाजविता जी तंद्री लागते तीच येथेही लागते, असे ती म्हणतात. आम्ही हुबळी-धारवाडची माणसे. गाण्याच्या बाबतीत ऐकल्यावाचून निकाल देण्याची आमच्याकडे रीत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या सोबतीने गोव्यातील अशा एका क्लबात आम्ही सबंध रात्र काढली. तेथील मद्य आणि मादक द्रव्ये हा विषय पोलिसांचा व आईबापांचा. तो आम्ही त्यांच्यावर सोपवितो. आमचा विषय संगीत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, यात शास्त्र आहे. बारा ते दोनपर्यंत जे वाजत होते ते ट्रान्स. मिनिटाला सुमारे १४० ते १५० ठोके, आणि प्रत्येक मात्रेवर सारख्याच वजनाचा. तीनतालाची सवय असलेल्या कानाला हे आरंभी फार दरिद्री वाटते; कारण आपल्या तालात नवव्या मात्रेवर डग्गा गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यामुळेच पुढच्या समेला अर्थ येतो. येथे खाली कोठे आहे? अर्ध्या तासाने ती सापडली. चार-पाच मिनिटे अखंड चाललेला ठोका एकाएकी नाहीसा होतो, स्वर तेवढे हवेत तरंगत राहतात, माणसे थबकतात. आणि मग ठोका परत येतो तेव्हा सबंध दालनाचे हात एकदम वर जातात. ही खाली आणि ही समच. आम्ही सवयीने बोट उचलले, तेव्हा भाचा कानाशी ओरडला, "मामा, बोट नव्हे, हात!"

परंतु येथेच आमची पहिली तक्रार आहे. ही सम येण्यापूर्वी ढोलाचा कडकडाट वाढत जातो, शिट्टीसारखा एक स्वर चढत जातो, दिवे लुकलुकू लागतात. समेची दवंडीच पिटली जाते. किराणा गायकीतील विलंबित एकतालाचे आवर्तन चाळीस सेकंदांचे धरले, तर तेवढा वेळ श्रोत्याला हिशेब आपल्या मनात बाळगावा लागतो. आणि गवयाबरोबर तो समेवर पोहोचतो तेव्हा त्या आनंदात त्याची स्वतःची मेहनत असते. क्लबात ही मेहनत यंत्र करते.

दोननंतर हार्डकोर सुरू झाले. याचे एक मोठे घराणे हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात १९९० च्या सुमारास उदयास आले. जपानच्या रोलंड कंपनीच्या ढोलयंत्राचा ठोका इतका चढवावयाचा की तो फाटतो, आणि त्या फाटण्यातूनच एक खरखरीत स्वर निघतो. ही कल्पना कल्पना म्हणून विलक्षण आहे: डग्ग्यानेच गावे तसे! पहिली दहा मिनिटे आम्ही थक्क होऊन ऐकत होतो. पण गती मिनिटाला १८० ठोक्यांच्या घरात. वर सांगितलेल्या एका आवर्तनात असे १२० ठोके बसतात. आपल्याकडे द्रुत ही कमाई असते. विलंबितात तासभर घालविलेल्या माणसालाच ती शोभते. येथे द्रुतापासून आरंभ आणि द्रुतातच शेवट. त्यामुळे तीन वाजता जे वाजत होते तेच पाच वाजता वाजत होते, आणि आमच्या घड्याळाखेरीज त्या दालनात वेळ सांगणारे काहीच नव्हते. खिडकी तर एकही नव्हती.

गोव्याच्या या संगीताचा मूळ स्वभाव असा नव्हता. सत्तरच्या दशकापासून हणजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी मंडळींचे रात्र-रात्र नाच चालत. पुढे यंत्रसंगीत आले; सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले आणि २०२३ साली निवर्तलेले गोवा गिल हे त्यातील बुजुर्ग. उष्म्याने तबकड्या वाकत, म्हणून ही मंडळी फिती वापरीत. फितीची गती जुळविता येत नसे. म्हणून रचनांना ठोक्याविना लांब आरंभ आणि लांब शेवट ठेवावे लागत. अडचणीतून आलाप जन्मास आला म्हणा ना! आणि मुख्य म्हणजे, मध्यरात्री गडद, कठोर रचना आणि सूर्योदयाच्या सुमारास मृदू, सुरेल रचना, असा तेथे दंडक पडला होता. रागांच्या समयाचा सिद्धांत कोणी न शिकविता त्यांना सापडला. कारण डोक्यावर आकाश होते.

ते आकाश कायद्याने काढून घेतले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आणि २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. सरकार वर्षातून मोजके दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. बंदिस्त दालन या बंदीतून सुटते. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या झोपेचा विचार करता नियमाला आमचा विरोध नाही. पण त्याचा परिणाम पाहा. १९५३ पासून पुण्यात चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातील रात्रभराच्या बैठका संपल्या. ज्या रामभाऊ कुंदगोळकरांच्या नावाने तो भरतो, त्यांच्या कुंदगोळात, हुबळीपासून वीसेक किलोमीटरांवर, नाडगीरांच्या वाड्यात रात्रभर गाणे होत आले ही आमची पुण्याई. पण तसे वाडे किती? उत्तररात्रीचा अडाणा आणि पहाटेचा ललत त्यांच्या त्यांच्या वेळी, समोर बसून, ऐकण्याची सोय बहुतेक गावांतून गेली. रात्री तीन वाजता संगीत ऐकू इच्छिणाऱ्या मुलाला आज जे दार उघडे आहे ते क्लबाचे, आणि आत प्रहरच नाहीत. त्याला दोष देण्यापूर्वी, रात्रीच्या गाण्यासाठी आपण कोणते दार उघडे ठेवले आहे, हे आमच्या देवस्थानांच्या कारभाऱ्यांनी पाहावे. सभामंडप आहेत, भिंती आहेत, आणि पेटी-तबल्याला ध्वनिक्षेपक लागत नाही.

राहता राहिली सप्ताहाशी तुलना. ती करणाऱ्या तरुणांनी श्रावणात वास्कोला श्री दामोदराच्या सप्ताहास जावे. तेथे चोवीस तास अखंड भजन चालते. संध्याकाळी गर्दीत नव्हे, पहाटे चारच्या सुमारास जाऊन बसावे. त्या वेळी गाणारे किती उरतात, लय कोठे येऊन स्थिरावते, आणि उजाडू लागताच पेटीवाल्याची बोटे कोणत्या सुरांकडे वळतात, हे ऐकून मग आम्हांस लिहावे. पत्र मराठीत असो वा कोंकणीत, आम्ही ते छापू.