मराठी साहित्यातील नगरपालिका

पुणे नगरपालिकेच्या सभागृहात निरनिराळ्या काळी तीन मराठी लेखक बसले. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात सरकारनियुक्त सभासद होते; नरसिंह चिंतामण केळकरांनी अध्यक्षपद भूषविले; प्रल्हाद केशव अत्रे लोकांच्या मतांनी निवडून आले. इतक्या तोलाच्या तीन लेखण्या ज्या संस्थेच्या कारभारातून गेल्या, त्या संस्थेचे आपल्या साहित्यात काय झाले? वाचकांनी क्षणभर आठवून पाहावे. डोळ्यांपुढे येतो तो हात जोडून दारोदार मते मागणारा आणि निवडून आल्यावर गल्लीचे नाव विसरणारा उमेदवार. नगरपालिका हा शब्द कानी पडला की मराठी वाचक हसावयास सिद्ध होतो. हे हसू आपल्याला महाग पडले आहे, असे मला म्हणावयाचे आहे.

अत्र्यांचे ‘मी उभा आहे’ हे नाटक १९३९ मधील. नगरपालिकेची निवडणूक हा त्याचा विषय. हा कारभार अत्र्यांनी आतून पाहिलेला असल्याने त्यांच्या विनोदाला अनुभवाची धार असावी, यात नवल नाही. परंतु नाटकाचे नावच पाहावे. उमेदवार उभा राहतो. निवडून आलेला सभासद बसतो. आपल्या रंगभूमीला उभ्या माणसाचे आकर्षण फार. बसलेल्या माणसाकडे ती सहसा वळत नाही. सभा, घोषणा, मिरवणूक, फजिती यांत नाट्य आयते हाताशी येते. स्थायी समितीच्या बैठकीत कागदावरील एक आकडा खोडून दुसरा लिहिला जातो, त्यात रंगमंचावर दाखविण्याजोगे काय आहे? पण गावाचे पाणी, शाळा आणि दवाखाना यांचे भवितव्य त्या खोडण्यातच ठरते. पुण्यातील रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव देण्यात स्वतः अत्र्यांचा पुढाकार होता. म्हणजे सभागृहात बसून काही करता येते, हे ते जाणून होते. प्रेक्षकांच्या स्मरणात मात्र राहिली ती निवडणुकीची मौज.

त्या मंडईच्या नावात जी गोष्ट दडली आहे, ती कोणत्याही प्रहसनापेक्षा अर्थपूर्ण आहे. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ही मंडई १८८६ मध्ये सुरू झाली. तिच्यावर मोठी रक्कम खर्च करण्यास फुल्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या वास्तूला त्यांनी विरोध केला, तिच्यावरच पुढे त्यांचे नाव कोरले गेले. हा विरोध बाजाराशी अपरिचित अशा माणसाचा नव्हता. फुले माळी कुळातले, भाजीपाल्याच्या व्यवहारात वाढलेले. त्याआधी १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव सभागृहापुढे आला. बत्तीस सभासदांपैकी विरुद्ध मत देणारे फुले एकटे होते. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागतखर्चास नकार दिला, ही गोष्ट आपण कचेरीतल्या मंडळींनी विशेष समजून घेण्यासारखी आहे. टिपणीवर विरुद्ध मत नोंदवावयास काय लागते, ते आपल्याइतके कोणास ठाऊक असणार?

मंडईच्या बाबतीत फुल्यांचे चुकले, असे कोणी म्हणेल. मंडई पुण्याच्या उपयोगी पडली हे खरेच आहे, आणि ते मान्य करूनही मूळ मुद्दा उरतो. प्रश्न मंडई चांगली की वाईट हा नव्हता. हाती असलेल्या पैशात आधी काय, हा होता. अंदाजपत्रकाचा वाद तो हाच. दोन्ही गोष्टी चांगल्या असतात आणि पैसा एकीपुरताच असतो. अशा पेचाला शोकांतिकेच्या जातीचे म्हणावयास माझी हरकत नाही. आपल्या नाटककारांनी त्याकडे वळून पाहिले नाही, एवढेच.

फुल्यांच्या गद्यात मात्र हा पेच जिवंत आहे. सभासदत्व संपले आणि पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध झाला. त्यातील लोकलफंडावरचा संताप किंवा कुणब्याच्या घराचे वर्णन वाचावे. वाक्य लांबत जाते, जिन्नसामागून जिन्नस येतो, जणू देण्याची यादीच कोणी वाचून दाखवीत आहे. हे गद्य ओबडधोबड आहे, अशी तक्रार पुष्कळांनी केली. मला त्यात हिशेब तपासणाऱ्याची नजर दिसते. कर कोण देतो आणि त्याचे फळ कोणाच्या अंगणात पडते, हे दोन स्तंभ शेजारी मांडले की जो राग येतो, तो या वाक्यांचा प्राण आहे.

ही नजर त्याआधीही आपल्या भाषेत होती. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. तळी, विहिरी, रस्ते, बाजार यांविषयी ते ज्या कुतूहलाने लिहितात, त्यात शहर ही माणसांनी खर्च करून उभी केलेली वस्तू आहे, ही जाणीव आहे. पुढे ती मागे पडली. केळकरांची लेखणी राष्ट्रीय राजकारण, चरित्र आणि विनोदमीमांसा यांत रमली. स्वातंत्र्योत्तर काळात अरुण साधूंनी ‘मुंबई दिनांक’ (१९७२) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांतून सत्तेचा अंतर्भाग दाखविला. पण ते सिंहासन मुख्यमंत्र्याचे, महापालिकेचे नव्हे. नारायण सुर्वे यांच्या कवितेने शहराचे श्रमकरी रूप मराठीत आणले. सुर्वे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक होते. अंदाजपत्रकातील प्राथमिक शिक्षणाच्या एका ओळीतून ज्याचा पगार निघत होता, असा तो कवी. विनोदी लेखकांना ती ओळ कधी दिसली नाही.

आकड्यांचे साहित्य होत नाही, असा आक्षेप येथे येईल. माझा दिवस लेखाशीर्षांखाली रकमा मांडण्यात जातो, म्हणून थोडे धिटाईने उत्तर देतो. प्रत्येक तरतुदीमागे कोणाची तरी विनवणी असते आणि प्रत्येक अखर्चित रकमेमागे कोणाची तरी निराशा असते. जुलैत मंजूर झालेली गटाराची रक्कम मार्चअखेर दुसऱ्या शीर्षाखाली वळविली जाते. कागदावर तो पुनर्विनियोजनाचा एक आदेश असतो, वस्तीत मात्र आणखी एक पावसाळा गुडघाभर पाण्यात जातो. हे अंतर दाखविणे हे कादंबरीकाराचे काम नव्हे काय?

हसण्याची किंमत अलीकडे दिसली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. दर पाच वर्षांनी मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितले असूनही, जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत सभागृह रिकामे होते. त्या काळात २०२३, २०२४ आणि २०२५ ची अंदाजपत्रके लोकनियुक्त सभासदांच्या चर्चेवाचून, प्रशासकाच्या अधिकारात मंजूर झाली. त्यांतील शेवटचे सुमारे ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे होते. एवढ्या रकमेवर विरुद्ध मत देणारा एकही सभासद नव्हता, कारण सभासदच नव्हते. नगरसेवक म्हणजे विदूषक, हे ज्या वाचकाने पिढ्यान् पिढ्या ऐकले, त्याला विदूषक घरी गेल्याचे दुःख का व्हावे? विनोदाने माणसाची थट्टा करावी. पण त्या थट्टेतून त्याचे आसनच निरुपयोगी ठरत असेल, तर समीक्षकाने तेथे बोट ठेवले पाहिजे.

आणि आपण? मुलुखाबाहेर नेमणुकीवर असलेल्या आपणा मंडळींचा या विषयाशी संबंध काय, असे वाटेल. काही वर्षांपूर्वी मी राहत होतो त्या वसाहतीतले गटार दोन महिने तुंबून होते. स्थानिक संस्था म्हणे ते खात्याचे, खाते म्हणे ते संस्थेचे. तेव्हा मी नियम काढून पाहिला. घटनेच्या २८५ व्या अनुच्छेदान्वये केंद्र सरकारची मालमत्ता स्थानिक करांतून मुक्त आहे. करार होईल त्याप्रमाणे सेवाशुल्क तेवढे दिले जाते. म्हणजे सरकारी निवासात राहणारा माणूस त्या शहराचा पाहुणा. मतदारयादीतले नाव पुष्कळदा गावी राहिलेले, आणि गावाच्या घराचा कर भाऊ भरतो. आपण ना येथले करदाते, ना तेथले मतदार. आपली साहित्यिक ओढही तशीच आहे. गावची नदी आपल्याला कवितेत हवी असते. ती नदी ज्या गटारांनी काळी झाली, ती कोणत्या वर्षी कोणत्या तरतुदीवाचून राहिली, हे आपण विचारीत नाही.

मराठीत नगरपालिकेवर प्रहसने पुरेशी झाली. आता एखाद्या लेखकाने त्या बसलेल्या सभागृहाकडे पाहावे. एकतीस हात वर गेले आहेत, एक खाली आहे, आणि प्रस्ताव अवघ्या एक हजार रुपयांचा आहे. तो एक हात खाली ठेवणाऱ्याला त्या रात्री घरी जाताना काय वाटले असेल, हे आपल्या साहित्याने अजून लिहावयाचे आहे.