शत्रूलाही नाव देणारी गाथा

जपानच्या नागोया टीव्हीवर 7 एप्रिल 1979 रोजी ‘मोबाइल सूट गंडम’ या ऍनिमे मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांचा बेत 52 भागांचा होता. प्रेक्षक जमेनात, खेळणी विकणाऱ्या प्रायोजकाने हात आखडता घेतला आणि मालिका 43 भागांत आटोपावी लागली. पुनःप्रक्षेपणाने तिला तारलं. जुलै 1980 मध्ये आलेल्या बांदाईच्या प्लास्टिक मॉडेलांनी तिला पैसा मिळवून दिला आणि 1981-82 मधल्या तीन चित्रपटांनी प्रतिष्ठा. तेव्हापासून ही गाथा थांबलेली नाही. मी लहानपणापासून तिचा चाहता आहे. अलीकडे मुलुंडच्या घरी ती पहिल्यापासून पुन्हा पाहायला घेतली आणि एक मत पक्कं होत गेलं. गंडमची कुठलीही मालिका किती कसदार आहे, हे ती शत्रूकडे कसं पाहते यावरून ठरतं. समोरच्या महाकाय लढाऊ यंत्रात बसलेल्या माणसाला तिने नाव, घर आणि भूक दिली असेल, आणि त्याच्या हातून घडलेलं पापही झाकलं नसेल, तर ती मालिका टिकते.

ही कसोटी मला सुचली त्याला आमच्या पिढीचं वय कारणीभूत आहे. 1999 च्या उन्हाळ्यात कारगिलचं युद्ध घराघरांतल्या टीव्हीवर आलं. ‘बॉर्डर’ आम्हाला तोंडपाठ होता, 2001 मध्ये ‘गदर’ आला. शत्रू म्हणजे ओरडणारा, हरणारा आणि बिनचेहऱ्याचा, हे आम्ही गृहीत धरलं होतं. त्याच काळात कार्टून नेटवर्कच्या ‘तूनामी’ या कार्यक्रमपट्ट्यात ‘गंडम विंग’ लागू लागली. 1995 ची ही मालिका स्वतःच्या वेगळ्या विश्वात घडते, त्यामुळे आधीचं काही ठाऊक नसलं तरी अडत नसे. केबल गेली की भाग हुकायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत कुणाकडून तरी कथा ऐकून घ्यावी लागायची. तिच्यातला ट्रीझ हा विरोधी बाजूचा सेनानी लढाईत मेलेल्यांचा हिशेब मनात ठेवतो, त्यांची नावं जपतो. शत्रूच्या छावणीतही सुतक असतं, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. ‘विंग’ आज पाहताना तिचे संवाद जड वाटतात, कथेचे सांधे निखळलेले दिसतात. पण ट्रीझ अजून उभा आहे.

मूळ मालिकेकडे वळलं की ही दृष्टी कुठून आली ते दिसतं. पृथ्वीचं संघराज्य आणि अंतराळ वसाहतींतलं झिऑन यांच्यातल्या युद्धाने महिन्याभरातच निम्मी मानवजात संपवली आहे, हे निवेदक सुरुवातीलाच सांगतो. आठव्या भागात एक आई लहान मुलाला घेऊन उजाड माळावरून आपल्या गावाकडे निघालेली असते. टेहळणी करणारे झिऑनचे सैनिक तिला पाहतात आणि विमानातून अन्नाची पेटी खाली टाकतात. तिचं गाव कुठे आहे, हे अखेर तिला त्यांच्यातल्याच एकाकडून कळतं. ती जिथे उभी आहे तेच ते गाव. तिथे आता काहीच उरलेलं नाही. गाव उद्ध्वस्त करणारं युद्ध पेटवणाऱ्या सैन्यातलाच माणूस तिला जेवू घालतो. तोमिनो या प्रसंगावर भाष्य करत नाहीत. पेटी खरी, माळही खरा, आणि दोन्ही एकाच चौकटीत राहतात.

तेराव्या भागात गंडम हे लढाऊ यंत्र चालवणारा पंधरा वर्षांचा नायक अमुरो आईला भेटायला जातो. झिऑनचे सैनिक येतात तेव्हा तो आजाऱ्यासारखा खाटेवर पडून राहतो आणि पकडला जायची वेळ येताच पांघरुणाआडून गोळी झाडतो. आई हादरते: त्या माणसालाही मुलंबाळं असतील, आणि तू त्याच्यावर बंदूक चालवलीस? अमुरोचं उत्तर असं की हे युद्ध आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून तर ती माय-लेकरं एका घरात राहू शकत नाहीत. मुलाने यंत्र चालवणं शिकण्याची किंमत तोमिनो आईच्या चेहऱ्यावर मोजतात. एकोणिसाव्या भागात वाळवंटातल्या खाणावळीत हाच मुलगा राम्बा राल या झिऑनच्या सरदारासमोर बसतो. सरदाराची बायको हामोन त्याला जेवण देऊ करते. राल त्याचा अंगरखा उचलून आतली बंदूक पाहतो, त्याच्या छातीचं कौतुक करतो आणि त्याला जाऊ देतो. पुढच्याच भागात राल मरतो आणि प्रेक्षकाला विजयाचा आनंद होत नाही.

मराठी वाचकाला ही दृष्टी परकी वाटण्याचं कारण नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने 1967 मध्ये महाभारत कर्णाच्या बाजूने उभं केलं आणि त्याच वर्षी इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ने एकेका व्यक्तिरेखेला, कर्णालाही, भक्तीचा आधार काढून घेऊन तपासलं. पहिल्या पुस्तकाने आपल्याला हरणाऱ्यावर प्रेम करायला शिकवलं, दुसऱ्याने त्या प्रेमाला डोळे दिले. गंडमला दोन्हींची गरज असते. 1991 ची ‘0083’ पहिल्यावरच थांबते. झिऑनचा गातो हा तिच्यातला वीर इतक्या देखण्या निष्ठेने लढतो, की त्याच्या अणुबॉम्बखाली आणि पृथ्वीवर पाडलेल्या वसाहतीखाली माणसं मरतात याचा मालिकेलाच विसर पडतो. चित्रांकन आजही डोळे दिपवणारं आहे, म्हणूनच तिची चूक जास्त खुपते.

याच्या उलट टोकाला ‘वॉर इन द पॉकेट’ आहे, 1989 मध्ये फुमिहिको ताकायामा यांनी केलेली सहा भागांची मालिका. ऍल हा शाळकरी मुलगा लढाऊ यंत्रांच्या वेडाने झिऑनच्या बर्नी या कोवळ्या सैनिकाशी मैत्री करतो. ऍलच्या शेजारची क्रिस गंडम चालवते, हे त्या दोघांनाही ठाऊक नसतं. शेवटच्या लढाईत बर्नी मरतो, क्रिस जखमी होते, आणि सत्य एकट्या ऍलला कळतं. तो शाळेच्या प्रार्थनेत रडू लागतो तेव्हा मित्र त्याची समजूत घालतात: काळजी करू नकोस, लवकरच आणखी मोठं युद्ध होईल. विश्राम बेडेकरांनी 1939 मध्ये ‘रणांगण’ लिहिताना युद्धभूमी दाखवलीच नाही. बोटीवरच्या निर्वासितांच्या जगण्यातच ती उभी राहिली. ताकायामांनी ती शाळेच्या आवारात आणली. माझ्या मते गंडममधलं सर्वश्रेष्ठ काम हेच.

पुढच्या काळात गाथा या कसोटीवर कधी उतरते, कधी घसरते. 2002 च्या ‘सीड’मध्ये किरा आणि अथ्रुन हे बालमित्र एकमेकांच्या सोबत्यांना मारतात, मालिकेचा मध्य त्यामुळे विलक्षण दाहक झाला आहे. नंतर किराला असं यंत्र मिळतं की तो कुणाचा जीव न घेता डझनभर शत्रूंची शस्त्रं उडवतो. तिथे किंमत मोजणं थांबतं आणि कथा सैल पडते. 2024 चा ‘सीड फ्रीडम’ कमाईत गंडमच्या सगळ्या चित्रपटांच्या पुढे गेला, पण ती सैलता त्याने तशीच ठेवली. ‘आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स’ (2015) मात्र मंगळावरच्या बालसैनिकांना जिंकू देत नाही, आणि त्यांना चिरडणारी सत्ताच पुढे सुधारणा करते. हा शेवट अनेक चाहत्यांना रुचला नाही. मला तो धाडसी वाटतो. ‘द विच फ्रॉम मर्क्युरी’ने (2022) टीव्हीवरच्या गंडमला पहिली नायिका दिली आणि शत्रू कंपन्यांच्या संचालक मंडळात शोधला. 24 भागांत तिचा शेवट घाईत उरकला गेला.

भारतीय प्रेक्षक म्हणून एक गोष्ट मला सलते. 1979 च्या मालिकेत झिऑनच्या बाजूने लढणारी ललाह सुन येते, कपाळावर टिळा असलेली, भारतीय वळणाची मुलगी. तलावाकाठी, पक्षी मरून पडताना, अमुरो तिला पहिल्यांदा पाहतो आणि एकेचाळिसाव्या भागात ती त्याच्याच हातून मरते. पुढच्या सगळ्या गाथेवर तिच्या मृत्यूची सावली आहे, पण तिचं स्वतःचं आयुष्य कुणी लिहिलं नाही. 1994 च्या ‘जी गंडम’ने भारताच्या वाट्याला काय दिलं, तर ‘कोब्रा गंडम’. 2025 मध्ये काझुया त्सुरुमाकी यांनी केलेल्या ‘जीक्वॅक्स’मध्ये झिऑनने युद्ध जिंकलेलं जग आहे. कल्पना बुद्धिमान आहे, चित्रं रसरशीत आहेत, पण त्या नव्या जगातही ललाह एका कुंटणखान्यात लाल गणवेशातल्या अधिकाऱ्याची स्वप्नं पाहत बसलेली आहे. बारा भागांतल्या बऱ्याच प्रसंगांचा अर्थ जुनी मालिका पाठ असणाऱ्यालाच लागतो. आजच्या गंडमचं दुखणं मला इथे दिसतं. शत्रूला ओळखण्याची तिची जुनी उत्सुकता आता स्वतःच्याच आठवणी चाळण्याकडे वळली आहे.

मॉडेलांच्या विक्रीवर जगणाऱ्या गाथेला आठवणींचा मोह पडणं स्वाभाविक आहे. आमच्याकडे तो बाजार कधी नीट पोचला नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेलं. अंधेरी-घाटकोपरच्या मुलाला आज चांगलं मॉडेल सहज परवडत नाही. आम्हाला गंडम मिळाली ती कथा म्हणून, आणि तिच्याकडून आमची मागणीही कथेचीच आहे.

ऍनिमेचा प्रेक्षक आता उपनगरांत भरपूर आहे. 2019 मध्ये चाहत्यांच्या मागणीवरून ‘वेदरिंग विथ यू’ इथल्या चित्रपटगृहांत आला. सप्टेंबर 2025 मध्ये ‘डेमन स्लेयर’च्या ‘इन्फिनिटी कॅसल’ने गर्दी खेचली. कमी आहे ती गंभीर मराठी समीक्षा. प्रभात चित्र मंडळाने 1968 पासून मुंबईकरांना जगाचा सिनेमा पाहायला आणि त्यावर बोलायला शिकवलं. बोरिवली-मुलुंडच्या एखाद्या वाचनालयाने किंवा कॉलेजच्या फिल्म क्लबने तसंच एका संध्याकाळी ‘वॉर इन द पॉकेट’चे सहा भाग सलग दाखवावेत, अडीच तास पुरेत. पाहणाऱ्यांत गंडमचं नावही न ऐकलेले आईबाप असावेत आणि नंतरची चर्चा मराठीत व्हावी. बर्नीला कुणी मारलं आणि ऍलने ते कुणाला सांगायला हवं होतं, या प्रश्नांवर त्यांचं आणि मुलांचं एकमत होणार नाही. अशा वादाला पुरून उरेल एवढी ही कला मोठी आहे, आणि तिच्या नव्या मालिकांनाही आपण याच मापाने मोजलं पाहिजे.