'जड'चें उलट काय?

अमेरिकेंतील पदव्युत्तर प्रवेशासाठीं जी.आर.ई. देणारे आमचे पुण्याचे विद्यार्थी शब्दसूच्या जपमाळेप्रमाणें घोकतात. वस्तुतः सुटे विरुद्धार्थी शब्द विचारण्याची रीत या परीक्षेनें २०११ सालींच टाकून दिली; उताऱ्याचें आकलन मात्र राखलें. आमच्या मतें हें योग्यच झालें.

आपला 'जड' हा शब्द घ्या. ओझें जड असेल तर उलट 'हलकें', विषय जड असेल तर 'सोपा', आणि वेदान्तांत 'चेतन'! वाक्यावांचून उत्तर कोणतें द्यावें? इंग्रजी 'सँक्शन' तर मान्यताही देतो आणि शिक्षाही करतो.

आमच्या एका विद्यार्थ्याला अशी सूची मुखोद्गत होती. उतारा वाचून त्यानें, लेखकानें खोडण्यासाठीं मांडलेलें मतच लेखकाचें म्हणून सांगितलें. अवघड शब्द एकही अडला नव्हता. 'हाउएव्हर' तेवढा नजरेंतून निसटला होता.

शब्दसंग्रह व्यर्थ आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बियाणें कणगींत ठेवून पीक येत नाहीं. रोज एक चांगला निबंध वाचावा, आणि लेखक कोणत्या मताशीं भांडतो आहे, हें दोन वाक्यांत मराठींत लिहून काढावें. परीक्षेनंतर सूची रद्दींत जाईल. ही सवय जन्मभर पुरेल.