४५,००० व्होल्ट कशाने मोजले?

परवा एका ज्युनिअरने त्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टचा मसुदा वाचायला पाठवला. एमएस्सी फिजिक्सचं दुसरं वर्ष, पुढे पेट देऊन पीएचडीला यायचा बेत. भंगारातल्या रंगीत टीव्हीतून फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर काढून त्याने त्यावर झेडव्हीएस ड्रायव्हर बसवलाय. काम मनापासून केलंय, फोटोही छान आहेत. पण दुसऱ्याच पानावर हे वाक्य आहे : 'या सर्किटमधून ४५,००० व्होल्ट मिळतात.' मी समासात लिहिलं, 'कशाने मोजले?' उत्तर आलं, 'ताई, ठिणगी दीड सेंटीमीटरची पडते आणि हवेला सेंटीमीटरमागे ३० केव्ही लागतात ना!'

हे उत्तर त्याचं एकट्याचं नाही. टीवायला असताना माझ्या प्रोजेक्टमध्येही हेच वाक्य होतं, फक्त आकडा जास्त उदार होता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी हाच प्रश्न विचारला होता आणि मी हेच उत्तर दिलं होतं. ते काही बोलले नाहीत, नुसतं पान उलटलं. ते पान उलटणं मला अजून आठवतं.

म्हणून आज एखाद्या पेपरची चिकित्सा न करता एका लेखनप्रकाराची करते आहे. 'जुन्या टीव्हीच्या फ्लायबॅकपासून हाय व्होल्टेज कसं बनवाल' छापाच्या लेखांची. इंग्रजीत असे ढिगाने आहेत, आणि आपल्याकडच्या कित्येक प्रोजेक्ट रिपोर्टांची प्रस्तावना त्यांच्यातूनच उचललेली असते.

आधी त्यांचं जे चांगलं आहे ते सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. फ्लायबॅक म्हणजे पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडला वीस ते तीस हजार व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर. दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी 'ईएचटी' किंवा 'एलओटी'. काळा ठोकळा, त्यातून निघालेली जाड लाल वायर, तिच्या टोकाला रबरी टोपी, बाजूला फोकस आणि स्क्रीनचे दोन पॉट, आणि खाली दहाएक पिना. कुठली पिन कसली, हे त्यावर लिहिलेलं नसतं. डेटाशीट मिळेलच असं नाही. हौशी लोकांनी यावर सरळ तोडगा काढला : मूळ प्रायमरीच्या भानगडीत पडायचंच नाही, फेराइट कोअरचा जो पाय उघडा दिसतो त्यावर आपणच जाड वायरचे पाच अधिक पाच वेढे घालायचे. हाय व्होल्टेजची परतीची पिन कुठली तेही ते प्रयोगाने शोधतात. जोडीला काय काय जळलं, कितव्यांदा जळलं, हे सगळं मोकळेपणाने लिहितात. आमच्या क्षेत्रातल्या किती पेपरांत 'आमचे सहा मॉसफेट उडाले' असं वाक्य सापडेल? बनवण्याच्या बाबतीत हे लोक आपल्यापेक्षा प्रामाणिक आहेत. घोटाळा सुरू होतो तो आकडा आणि कारण लिहायची वेळ आली की.

ठिणगीचंच बघू. 'सेंटीमीटरला ३० केव्ही' हे खोटं नाही. पण ते कुठे लागू होतं? जिथे विद्युतक्षेत्र जवळपास सगळीकडे सारखं आहे तिथे. दोन गुळगुळीत गोळे घ्या, प्रत्येकाचा व्यास ५ सेंमी, मधलं अंतर १ सेंमी. साधारण ३२ केव्ही शिखर व्होल्टेजला तिथे ठिणगी पडते. हे इतकं भरवशाचं आहे की गोळ्यांच्या फटीवरून व्होल्टेज मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६००५२. पण आपल्या ज्युनिअरच्या टेबलावर गोळे नाहीत. तिथे एक कापलेली वायर आणि एक खिळा आहे. टोकाशी क्षेत्र प्रचंड वाढतं, तिथली हवा आधीच फुटू लागते (अंधारात ती जांभळी चमक दिसते ना, तीच), आणि मग कमी व्होल्टेजलाही ठिणगी लांब उडी मारते. सुयांच्या फटीचे जुने तक्ते आहेत. त्यांच्यात सुमारे २८ केव्ही शिखर व्होल्टेजला अंतर अडीच सेंटीमीटर येतं. म्हणजे सेंटीमीटरला जेमतेम ११ केव्ही. हेच अंतर '३० केव्ही'च्या सूत्रात टाकलं तर उत्तर ७५ केव्ही! एकाच ठिणगीतून २८ आणि ७५ असे दोन आकडे निघतात.

अंतर लहान झालं की सूत्र उलट्या बाजूला चुकतं. एक मिलीमीटरच्या समान क्षेत्राच्या फटीला साधारण साडेचार केव्ही लागतात, म्हणजे सेंटीमीटरच्या हिशेबात ४५. पाशेनने १८८९ मध्येच दाखवलं होतं की हे व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं, आणि ते नातं सरळ रेषेचं नाही. दाबावरून आठवलं, पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. नुसत्या तेवढ्याने हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास उतरतो. मुंबईत आणि पुण्यात तीच फट तेच व्होल्टेज दाखवणार नाही.

याहून मोठी गफलत म्हणजे ओढलेला आर्क. बऱ्याच लेखांत दोन टोकं आधी टेकवतात, मग हळूहळू लांब नेतात. पाच-सहा सेंटीमीटरची सुंदर पिवळसर-जांभळी कमान होते. तिचा फोटो, आणि खाली '१५० केव्ही'. पण एकदा आर्क पेटला की मधली हवा आयनित आणि तापलेली असते. ती टिकवायला सेंटीमीटरमागे हजारभर व्होल्ट किंवा त्याहूनही कमी पुरतात. ती कमान व्होल्टेजपेक्षा ड्रायव्हर किती पॉवर देतोय ते जास्त सांगते. त्यामुळे कुणी ठिणगीची लांबी सांगितली, तर ती जवळ आणत मोजली की लांब नेत, हे आधी विचारा. बहुतेक लेखांत ते लिहिलेलंच नसतं.

दुसरा मुद्दा कारणांचा. जवळपास प्रत्येक प्रस्तावनेत एक परिच्छेद असतो : प्रायमरीतला प्रवाह अचानक तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत मोठं व्होल्टेज येतं, म्हणून हा 'फ्लायबॅक'. टीव्हीत हे अगदी बरोबर आहे. आपल्या पॅल पद्धतीत सेकंदाला १५,६२५ ओळी, प्रत्येक ओळ संपली की इलेक्ट्रॉन शलाका बारा मायक्रोसेकंदांच्या आसपास डावीकडे परत 'उडते', नाव तिथून आलं. पण पुढच्या पानावर जे सर्किट काढलंय ते तसं चालतच नाही! झेडव्हीएस ड्रायव्हर, ज्याला हौशी मंडळी मॅझिली ड्रायव्हर म्हणतात, हा रेझोनंट ऑसिलेटर आहे. १९५० च्या दशकातल्या रॉयर ऑसिलेटरच्या कुळातला, आणि १९५९ मध्ये बॅक्सँडॉलने मांडलेल्या प्रकाराच्या जास्त जवळचा. प्रायमरी आणि कपॅसिटर मिळून साइन वेव्ह तयार होते, आणि मॉसफेट स्विच होतात तेव्हा त्यांच्यावरचं व्होल्टेज शून्याजवळ असतं. काही 'कोसळत' नाही. म्हणजे प्रस्तावना एका यंत्राची आणि प्रयोग दुसऱ्याच यंत्रावर.

कुणी म्हणेल, ठिणगी तर पडतेय, काय बिघडलं? बिघडतं ते सांगते. या सर्किटमध्ये प्रत्येक मॉसफेटवर पुरवठ्याच्या π पट शिखर व्होल्टेज येतं. १२ व्होल्टला सुमारे ३८, २४ व्होल्टला सुमारे ७५. लेखात 'आयआरएफपी२५० वापरा' एवढंच असतं, तो २०० व्होल्टचा आहे म्हणून वापरायचा हे नसतं. मग आपला विद्यार्थी पासोड्या विठोबापाशी नाहीतर लॅमिंग्टन रोडला जातो, दुकानदार म्हणतो आयआरएफझेड४४एन घ्या, स्वस्त आहे. तो ५५ व्होल्टचा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर मजेत चालतो, २४ लावले की फट्! माझे असे चार गेले. 'नशीब खराब' असं मी वहीत लिहिलं होतं, खरंच. π चा गुणाकार कुणी एका ओळीत लिहिला असता तर ते वाचले असते. तसंच पुरवठा हळूहळू वाढवला तर दोन्ही मॉसफेट एकदम चालू होऊन अडकतात, दोलन सुरूच होत नाही आणि दोन्ही जळतात. 'झटकन स्विच चालू करा' ही सूचना लेखांत असते, पण मंत्रासारखी.

आता मला ज्याचा मनापासून राग येतो ते. 'फ्रिक्वेन्सी जास्त आहे, त्यामुळे स्किन इफेक्टने प्रवाह त्वचेवरूनच जातो, धोका नाही.' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की मोजणं सोडलं. गणित दोन ओळींचं आहे, तुम्ही स्वतः करून बघा. ५० किलोहर्ट्झ घ्या, शरीराच्या ऊतींची वाहकता ०.३ सीमेन्स प्रति मीटर धरा. स्किन डेप्थ येते सुमारे चार मीटर. चार मीटर! माणूस तेवढा जाडही नाही आणि उंचही नाही. प्रवाह आतूनच जातो. या फ्रिक्वेन्सीला चेता कमी उत्तेजित होतात, म्हणून झटका कमी जाणवतो, पण भाजणं थांबत नाही. न जाणवता भाजणं हे जास्त वाईट. आणि हेसुद्धा फक्त जुन्या, एसी देणाऱ्या फ्लायबॅकना लागू. नंतरच्या रंगीत टीव्हींतल्या फ्लायबॅकमध्ये डायोड आतच भरलेले असतात, बाहेर येतं ते डीसी. तिथे स्किन इफेक्टचं नाव काढणंच चूक.

'व्होल्टेज जास्त पण करंट नगण्य' हे वाक्य त्याचंच भावंड. टीव्हीत अ‍ॅनोडचा प्रवाह एखाद-दोन मिलीअँपिअरच असायचा, हे खरं. पण झेडव्हीएस लावून शंभर वॉट आत ढकलले तर ती मर्यादा उरत नाही. त्यातून काही लेख फ्लायबॅक आणि मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर एकाच यादीत, एकाच सुरात देतात. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर सुमारे दोन हजार व्होल्टला शेकडो मिलीअँपिअर देतो. लाकडावर त्याने वीजरेषांची नक्षी जाळायच्या नादात अमेरिकेत इतके लोक मेले की तिथल्या वुडटर्नर्सच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या कार्यक्रमांत आणि प्रकाशनांत त्या प्रकारावर बंदी घातली. तेव्हा 'व्होल्टेज कमी म्हणून हा सोपा' असं लिहिणाऱ्याचा लेख पुढे वाचू नका.

परत ज्युनिअरकडे. मी त्याला सांगितलं, ४५ खोडून टाक, डिपार्टमेंटच्या लॅब असिस्टंटना सोबत घे आणि डिव्हायडर बनवून मोज. दहा मेगओहमचे शंभर रेझिस्टर एकापुढे एक, म्हणजे एक गिगओहम, खाली एक मेगओहम, त्याचं एक टोक पक्कं अर्थला, आणि मल्टिमीटर फक्त खालच्या रेझिस्टरवर. शंभर का, तर साध्या पाव वॉटच्या रेझिस्टरला २५० व्होल्टच्या आसपासच सोसतात. त्याचा फ्लायबॅक आत डायोड असलेला आहे, म्हणून हे जमतं. एसी फ्लायबॅक असता तर त्या फ्रिक्वेन्सीला नुसता रेझिस्टरांचा डिव्हायडर भरवशाचा राहिला नसता. बाजारातला हाय व्होल्टेज प्रोबसुद्धा साधारण डीसी आणि ५० हर्ट्झसाठीच असतो.

दोन दिवसांनी मेसेज आला. 'ताई, मीटरवर १५.१ व्होल्ट, म्हणजे १५.१ केव्ही. ४५ चे १५ झाले. एवढा कमी आकडा रिपोर्टमध्ये चालेल का?' सोबत वहीच्या पानाचा फोटो, तारीख, रेझिस्टरची किंमत, मीटरचं मॉडेल, सगळं लिहिलेलं. मी खूश झाले. मग मी विचारलं, मीटरचा स्वतःचा रोध धरलास का? तो दहा मेगओहम असतो. एक मेगओहमला समांतर जोडला की ०.९०९ होतो, आणि गुणोत्तर हजारास एक राहत नाही, अकराशे एकास एक होतं. म्हणजे १६.६ केव्ही. शिवाय रेझिस्टर पाच टक्क्यांचे आहेत.

त्याचं उत्तर आलंय, 'मग रेझिस्टर एकेक मोजून बघू का? शंभर आहेत.'

मी 'हो' म्हटलंय.